नदीला चहा

खवणेकर काका कुणाच्या घरी गेले की आधी फ्रिजपाशी जातात. फ्रिज उघडत नाहीत. दारावर उजवा तळवा टेकवतात, डोळे मिटतात आणि ताप बघावा तसे क्षणभर उभे राहतात. मग निकाल देतात. निकाल दोनच. "उत्तम," किंवा "आवाज आहे, पण चालेल." तोवर घरच्या बाईने पाण्याचा ग्लास हातात धरून ताटकळत उभं राहायचं. फ्रिज झाला की डिशवॉशर आणि वेळ असेल तर बेसमेंटमधली घर तापवायची भट्टी. मग सोफा.

मिशिगनमधल्या आमच्या ट्रॉय गावात मराठी माणसाचा असा एक फ्रिज नसेल ज्याने काकांचा हात अनुभवला नाही. नवीन घर घेतलं की लोक आधी वास्तुशांत करतात, पण खरा जीव भांड्यात पडतो तो काका येऊन "उत्तम" म्हणून गेल्यावर.

याला कारण आहे. हे सगळं गावच गाड्यांवर पोट भरतं आणि काकांनी उभी हयात गिअरबॉक्समधले आवाज शोधण्याची नोकरी केली. चालत्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून कुठलं बेअरिंग जाणार ते सांगायचे. सेन्सर लावून कॉम्प्युटरला जे दुपारपर्यंत कळायचं, ते काकांना नाश्त्याच्या आधी कळायचं. रिटायर झाले तेव्हा कंपनीने घड्याळ दिलं. त्यांनी ते कानाला लावलं आणि भर सभेत साहेबांना सांगितलं, "आवाज आहे, पण चालेल."

आणि अशा बोटांच्या माणसाला अकरा वर्षांत एक वॉलआय मिळू नये?

वॉलआय म्हणजे इथल्या नदीचा पापलेट समजा. वसंतात डेट्रॉइट नदीत तो झुंडीने वर चढतो आणि त्याच्यासाठी माणसं पहाटे उठून बोटी पाण्यात सोडतात. पलीकडच्या काठावर कॅनडा, अलीकडे आम्ही, मध्ये वॉलआय. त्याला पकडायचं जिगने. जिग म्हणजे शिशाचं डोकं असलेला गळ, वर रबरी अळी चढवलेला. तो तळाला टेकवायचा, वीतभर उचलायचा, पुन्हा टेकवायचा. बस, एवढंच. दिवसभर. प्रवाहाबरोबर बोट खाली जात राहते आणि माणूस पाळणा हलवल्यासारखा मनगट हलवत बसतो.

काकांच्या गळाला मात्र लागायचा शीपहेड. चंदेरी अंगाचा, पाठीला पोक काढलेला, तोंड पाडून बसलेला मासा. नवऱ्याच्या मित्रांना जेवायला वाढताना माझी आजी असं तोंड करायची. इथले लोक त्याला कचरा समजतात, शिवी हासडून परत पाण्यात टाकतात. आणि तो पाण्याबाहेर काढला की पोटातून घुरघुरतो. काका त्याला दोन्ही हातांत धरून कान देत. "थर्ड गिअर," म्हणत, "सिंक्रोनायझर गेलाय." दुसरा मासा आला की, "हा बरा आहे. नुसतं ऑइल कमी."

मोठे सोडून देत, बेताचे ठेवत. काका मूळचे वेंगुर्ल्याकडचे. पहिला शीपहेड कापला तेव्हा त्याच्या डोक्यातून दोन पांढरे खडे निघाले. तसेच खडे आपल्याकडच्या समुद्रातल्या ढोमा माशाच्या डोक्यात असतात. काकांनी तिथल्या तिथे नातं लावून टाकलं. तेव्हापासून त्यांच्या लेखी शीपहेड हा ढोमाच, फक्त ग्रीन कार्ड घेऊन गोड्या पाण्यात राहायला गेलेला. त्याचं त्रिफळं घातलेलं तिखलं काका असं करतात की कचरा म्हणणाऱ्यांनी भांडं पुसून खावं.

पण वॉलआय नाही म्हणजे नाही. बोटी सोडायच्या धक्क्याजवळ डॉना नावाच्या बाईंचं दुकान आहे. गळ, आमिषाचे बारके मिनो मासे, कॉफी आणि टोमणे, चारही गोष्टी ताज्या मिळतात. भिंतीवर मोठा फळा आहे, त्यावर वॉलआय धरलेल्या माणसांचे फोटो. त्यातले निम्मे आमचे लोक. काकांच्या बोटीत बसलेला प्रत्येक जण त्या फळ्यावर आहे. पुण्याचे, नागपूरचे, परभणीचे, कधी पाणवठ्यालाही न गेलेले. नाहीत फक्त काका. डॉनाबाई त्यांना तोंडावर "मिस्टर शीपहेड" म्हणायच्या आणि काका मान लववून ते सत्कार घेतल्यासारखं घ्यायचे.

माझाही फोटो आहे तिथे. त्याची हकीकत सांगते.

मी सोलापूरची. आमच्याकडे नळाला पाणी येतं ते चार दिवसांनी, त्यात मासा कुठून येणार. लग्न होऊन इथे आले तेव्हा काम करायची परवानगी नव्हती. मिलिंद, म्हणजे नवरा, सकाळी सातला जायचा. मी अपार्टमेंटमध्ये बसून पार्किंगमधला बर्फ मोजायची. आईला फोन करून "मजेत आहे" सांगायची आणि फोन ठेवून रडायची. असा एक अख्खा हिवाळा काढला. मार्च संपता संपता काका घरी आले. फ्रिजवर हात ठेवला. "उत्तम," म्हणाले. मग माझ्याकडे वळले. नुसतं पाहिलं.

"आवाज आहे," ते म्हणाले. "रविवारी सकाळी सहाला तयार राहा. स्वेटर दोन घाल."

मिलिंद म्हणाला, "काका, तिला पोहायला येत नाही."

"माशाला येतं. तिला कशाला यायला हवं?"

त्या रविवारी मी लाइफ जॅकेटमध्ये गादी गुंडाळल्यासारखी बसले होते. दोन तास जिग वर-खाली करून माझ्या हाताला रग लागली होती. तोवर काकांनी दोन ढोमे काढून त्यांचं निदानही केलं होतं. अचानक ते म्हणाले, "तुझा रॉड ठेव खाली. माझा जरा धर गो बाय, मी चाय ओततंय."

मी धरला. काकांनी पायाशी ठेवलेला थर्मास उचलला आणि तेवढ्यात माझ्या हातातली काठी वाकली. कुणीतरी खालून पदर ओढावा तसं. मी किंचाळले. काका शांतपणे चहा ओतत होते. "ओढ," म्हणाले, "घाई करू नको. तो दमेल. तू दमू नको." आणि वर आला तो सोनेरी, काचेच्या डोळ्यांचा, शेपटीच्या टोकाला पांढरा ठिपका असलेला वॉलआय. माझा. मी सोलापूरच्या बापाची लेक, नदीच्या मधोमध उभी राहून हसत होते आणि माझ्या गालांना हसायची सवय राहिली नव्हती म्हणून ते दुखत होते. त्या रात्री आईला फोनवर मी तासभर मासा सांगितला.

पुढच्या रविवारी सहाला पाच कमी असताना मी खाली येऊन उभी होते.

मला वाटलं होतं हे माझ्याच बाबतीत घडलं. नंतर कळलं, सगळ्यांची गोष्ट हीच. काकांनी चहा ओतायला घेतला की पाहुण्याला मासा लागतो. गावात यावर शास्त्रार्थ चालायचा. माणसं डॉक्टरेट झालेली, पण काकांच्या चहात आलं किती आणि वेलदोडा किती यावर हमरीतुमरीवर यायची. एक जण दुसऱ्या बोटीत स्वतःचा थर्मास घेऊन गेला, हात हलवत परत आला. चौकशीअंती निघालं की त्याने टी-बॅगचा चहा नेला होता. सर्वांनी मान डोलावली. टी-बॅगला कुठला मासा लागणार?

शिवाय काकांचा विधी होता. थर्मासमधून दोन कप भरायचे. एक पाहुण्याला द्यायचा, दुसरा स्वतःच्या हातात धरायचा, आणि मासा बोटीत आला की तो नदीत ओतायचा. "समुद्राला नारळ, नदीला चहा," म्हणायचे. "आपण देणाऱ्याची जाण ठेवावी." आम्ही हात जोडायचो. मी तर एकदा घरून हळदकुंकू नेलं होतं.

सहा वर्षं अशी गेली. मला कामाची परवानगी मिळाली, नोकरी लागली, पण एप्रिल-मेचे रविवार काकांचेच राहिले. आणि या वर्षी मार्चमध्ये बातमी आली. काकांची मुलगी केतकी दूर पश्चिम किनाऱ्याकडे सनीव्हेलला असते. तिची आई, मंदाकाकू, जाऊन बारा वर्षं झाली, बाबांनी या थंडीत एकटं किती दिवस राहायचं, असं म्हणून तिने त्यांना न्यायचं ठरवलं. मे महिन्याच्या अखेरीला काका जाणार.

"तिथे नदी आहे का हो?" मी विचारलं.

"खाडी आहे म्हणे. आणि मुलीचा फ्रिज जुना आहे," काका म्हणाले. "बघायला हवा."

आमच्या ग्रुपवर रडके चेहरे पडले आणि मग एक ठराव झाला. काका फळ्यावर फोटो लागल्याशिवाय मिशिगन सोडणार नाहीत. इतकी वर्षं या माणसाने सगळ्या गावाला मासे मिळवून दिले आणि जाताना मिस्टर शीपहेड म्हणून जायचं? एकाने नवा रॉड आणला, एकाने अंधारात चमकणाऱ्या अळ्या. एप्रिलचे चार रविवार गेले. पाहुण्यांना नऊ वॉलआय, काकांना सतरा ढोमे. मे उजाडला, पाणी कोमट होऊ लागलं आणि वॉलआय उतरणीला लागला. आता वाढत जाणार ते शीपहेडच. बघता बघता मेचाही एकच रविवार उरला. मला खरंच झोप लागेना.

त्या शनिवारी मी काकांकडे सामान बांधायला गेले. केतकी आली होती. ती स्वयंपाकघरातली भांडी कागदात गुंडाळत होती, मी खोक्यांवर नावं लिहीत होते. डाळी, मसाले, त्रिफळं. "चहाचा डबा कुठाय?" मी विचारलं. "तो वर ठेवू, उद्या लागेल."

"तो छोटासा आहे बघ कुठेतरी," केतकी म्हणाली. "बाबा चहा पीतच नाहीत ना. ॲसिडिटी. कित्येक वर्षं झाली. फक्त संडेला थर्मास भरतात. आय थॉट तुमच्यासाठी असेल."

मी मार्कर हातात धरून फ्रिजला टेकले.

सहा वर्षांत काकांनी माझ्यासमोर चहाचा एक घोट घेतलेला मी पाहिला नव्हता. सगळा नदीला. आणि एकेक गोष्ट अशी उलगडत गेली की मला स्वतःच्या मूर्खपणाचं हसू यायला लागलं. चालत्या गाडीवर हात ठेवून बेअरिंग ओळखणारा माणूस. दोरीच्या टोकाला, तीस फूट पाण्याखाली, वॉलआयने जिगला तोंड लावलं की टक् असं एवढंसं वाजतं. ढोमा धसमुसळा, तो नुसता खाली खेचतो. हे त्या बोटांना कळत नसेल? ढोमा असला की काका स्वतः ओढायचे. वॉलआय असला की मनगट हळूच उचलून गळ रुतवायचे आणि त्यांना चहाची तलफ यायची. आणि आम्ही मेले आलं मोजत बसलो होतो.

रविवारी मिलिंदला मी मुद्दाम घरी ठेवलं. बोटीत आम्ही दोघंच. धुकं होतं, कॅनडा दिसत नव्हता. डॉनाबाईंनी जाताना काकांना मिनोंची डबी दिली आणि पहिल्यांदाच टोमणा मारला नाही.

अर्ध्या तासाने काकांचं मनगट हळूच वर गेलं. आता मला दिसलं. सहा वर्षं समोर होतं आणि आता दिसलं.

"जरा धर गो बाय, मी..."

"नाही धरणार," मी म्हणाले. "तुम्ही ओढा."

"अगो, चाय..."

"चहा मी ओतते. तुम्ही ओढा."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग दोरीकडे. आणि त्या लबाड माणसाने सरळ हात खाली सोडला. दोरी सैल पडली. मासा सुटून गेला.

"गेला," ते म्हणाले. "ढोमाच असणार."

"काका, तुम्ही चहा पीत नाही. केतकीने सांगितलं."

 काकांनी जिग वर घेतला, अळी नीट केली, परत सोडला. बोट आपली खाली चालली होती.

"मंदा गेली त्याच्या पुढच्या वर्षी बोट घेतली," मग ते म्हणाले. "दोन वर्षं एकटाच यायचो. तेव्हा वॉलआय लागायचे, खूप लागायचे. पण फोटो काढणार कोण? एकदा तर एवढा मोठा," त्यांनी रॉड मांडीत धरून दोन्ही हात फाकवले, "आणि मी मोठ्याने म्हटलं, 'बघितलंस?' आजूबाजूला कोणी नाही. परत सोडला त्याला."

"मग?"

"मग एक जण आला हौशीने. त्याला काही मिळालं नाही, पुढच्या रविवारी आला नाही. दुसरा आला, तोही नाही आला. तेव्हा लक्षात आलं. पहिल्या दिवशी मासा लागला तर माणूस परत येतो." त्यांनी जिग वीतभर उचलला. "तुम्हाला वाटतं काका लोकांना मासे देतात. मी आपला गळच टाकत होतो गो. माणसं लागावीत म्हणून."

 मी पाण्याकडे बघत राहिले, जिग वर-खाली करत राहिले. आणि माझ्या बोटांना लागलं. टक्. अगदी एवढंसं. मी मनगट हळूच उचललं, वजन आलं. आयुष्यात पहिल्यांदा मला कळलं होतं.

"काका," मी म्हणाले, "जरा धरा. मी चाय ओततंय."

त्यांनी माझ्या हातातला रॉड घेतला. बोटं मुठीवर टेकली आणि क्षणभर त्यांनी डोळे मिटले, फ्रिजपाशी मिटतात तसे. मी कपात चहा ओतत होते, निम्मा पायावर. काका ओढत होते. दमाने, एकेक हात. रॉड चांगला वाकला होता. मी मनात माझ्या गावच्या सिद्धेश्वराला नारळ बोलले.

पाण्याखाली चंदेरी चमकलं. मग पोक दिसलं. मग ते पाडलेलं तोंड.

ढोमा. चांगला मोठा, कुरकुरणारा ढोमा.

मी थर्मास घेऊन मटकन खाली बसले. काका मात्र असे हसत सुटले की बोट डोलायला लागली. कानटोपी काढून त्यांनी डोळे पुसले. मासा हातात घुरघुरत होता.

"ढोमा आहे हे तुम्हाला कधी कळलं?" मी विचारलं.

"तुझ्या हातातून घेतला तेव्हाच."

"मग ओढलात कशाला? सोडून द्यायचा ना मघाच्यासारखा."

"तू दिलास ना," काका म्हणाले. "मला आजवर कोणी रॉड दिलाच नव्हता."

मग मी पुष्कळ फोटो काढले. एकात मासा हलला, एकात माझं बोट आलं, पण एक झकास आला. कानटोपी तिरकी, दोन्ही हातांत ढोमा, आणि काकांचे सगळे दात. फोटो झाल्यावर त्यांनी ढोमा कानाशी नेला, "उत्तम," म्हणाले आणि पाण्यात सोडून दिला. चहा आम्ही नदीला दिला, दोन्ही कप.

दुकानातला फळा फक्त वॉलआयसाठी आहे, तसं वर लिहिलेलंसुद्धा आहे. मी डॉनाबाईंना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला, दुकानातल्या प्रिंटरवर छापला आणि मधोमध असलेला स्वतःच्या भावाचा फोटो काढून तिथे टाचला. "फळा माझा आहे," त्या म्हणाल्या, "नियमही माझे." काकांनी मान लववली.

निघायच्या दिवशी काका आणि केतकी आमच्याकडे जेवायला होते. तिथूनच विमानतळावर जायचं होतं. बोट आमच्या गॅरेजमध्ये आली होती, थर्मासही. काका आल्या आल्या फ्रिजपाशी गेले, तळवा टेकवला, डोळे मिटले. "उत्तम." मिलिंद गाडीत बॅगा ठेवायला गेला आणि मी वाकून नमस्कार केला. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. नेहमी ठेवतात त्यापेक्षा बराच जास्त वेळ ठेवला.

"आवाज आहे," ते म्हणाले.

"चालेल का?" मी खालच्या मानेनेच विचारलं.

"चालेल गो बाय."

सहा वर्षं जिग हलवून माझ्या अंगातही थोडी विद्या आली होती. थरथर होती ती काकांच्या हाताची. मला ते कळलं, पण मी बोलले नाही, आणि त्यांनी हात काढेपर्यंत तशीच वाकून राहिले.